विंचवाचं बिऱ्हाड म्हणणाऱ्यांना

माझ्या नवऱ्याच्या काकांचं पत्र गेल्या महिन्यात आलं. साताऱ्याहून, निळ्या शाईत, पाठपोट चार पानं. पाकिटावर पत्ता शिवाजीनगरचा, पुण्याच्या नव्हे, बेंगळुरूच्या. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाचं अक्षर अजून सरळ ओळीत बसतं. शेवटच्या पानावर त्यांनी एक म्हण लिहून तिच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या : विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. ती म्हण आम्हा दोघांसाठी होती.

आम्ही दोघंही संगणकावरची नोकरी करतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. नवरा दुसऱ्या कंपनीत आहे. दोन्ही कंपन्यांनी लेखी परवानगी दिल्यामुळे गेल्या तीन वर्षांत आठ महिने लिस्बनमध्ये आणि दोन हिवाळे थायलंडमधल्या चिआंग माईत राहून आम्ही हीच कामं केली. बाकीचा काळ शिवाजीनगरात, रसेल मार्केटपासून चालत सात-आठ मिनिटांवरच्या दुसऱ्या मजल्यावर.

काकांच्या पत्रात तीन आरोप आहेत. ते मी त्यांच्याच जोरानं मांडते, कारण सौम्य करून उत्तर देणं सोपं असतं. पहिला, हे काम नव्हेच, ही पगारी सहल आहे. दुसरा, अशी माणसं जिथं जातात तिथली होत नाहीत आणि इथलीही उरत नाहीत. त्यांना मुळंच राहत नाहीत. तिसरा, बाईनं घर असं पाठीवर घेतलं की संसार सुटतो, आणि आईवडिलांचं म्हातारपण वाऱ्यावर पडतं. काका दुष्टाव्यानं लिहिणारे नाहीत. हेच तीन आरोप लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, व्याख्यानमालेनंतरच्या चहाच्या टेबलाशी मी वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहेत. म्हणून उत्तर एकट्या काकांना देऊन भागणार नाही.

पहिल्या आरोपापासून सुरुवात करते. लिस्बनचं घड्याळ हिवाळ्यात भारताच्या साडेपाच तास मागे असतं. बेंगळुरूतली साडेनऊची बैठक तिथं पहाटे चारला भरते. एका खोलीचं घर, एकच टेबल. मी स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उंच स्टुलावर, नवरा टेबलाशी. दोघांच्या कानांवर हेडफोन, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या बैठकीत जाऊ नये. बाहेर मिट्ट काळोख. दुपारी दीडला भारतातले लोक घरी जायला निघत तेव्हा आमचा दिवस संपायचा आणि मग आम्ही बाहेर पडायचो. टेजो नदीकाठचे आमचे फोटो काकांनी पाहिले ते त्या दुपारचे. पहाटे चारचा फोटो कुणी काढत नाही, म्हणून ती पहाट झालीच नाही असं होत नाही.

शिवाय, सरकारं सहलीला वेगळा परवाना देतात आणि कामाला वेगळा. 2020 च्या ऑगस्टमध्ये एस्टोनियानं दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र व्हिसा काढला. पाठोपाठ अनेक देशांनी. पोर्तुगालनं 2022 च्या ऑक्टोबरात तसा व्हिसा सुरू केला, त्याची अट अशी की महिन्याची मिळकत तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवी. थायलंडनं 2024 च्या जुलैत पाच वर्षांचा व्हिसा आणला. एका वेळी 180 दिवसांचा मुक्काम, आणि खात्यात पाच लाख बाट असल्याचा पुरावा. त्यासाठी आम्ही बँकेचे उतारे, कंपन्यांची पत्रं, पोलिसांचा दाखला, विमा, लग्नाचं प्रमाणपत्र अशी कागदांची चळत जमवली. आयकराच्या कायद्यात भारतातल्या 182 दिवसांचा हिशेब असतो. कोणत्या देशात किती दिवस राहिलो याची वही मी तारखेनिशी ठेवते. इतका पुरावा मागून जगातली सरकारं ज्याला काम म्हणून मान्यता देतात, त्याला साताऱ्याच्या ओटीवरून सहल म्हणणं हा त्या कामाचा अपमान आहे. काम खुर्चीच्या जागेवरून ठरत नाही. दिलेल्या मुदतीत, दिलेल्या दर्जाचं काम झालं की नाही, एवढ्यावरच ते ठरतं, आणि आमच्या कामाचं उत्तर आम्ही दर महिन्याला देतो.

पण काकांच्या मनातलं खरं दुखणं वेगळं आहे, असं मला वाटतं. नवरा-बायको दोघं मिळून कामासाठी गाव सोडून जातात, हे त्यांना मराठी संसाराच्या रीतीबाहेरचं वाटतं. तसं ते अजिबात नाही. बीडच्या ऊसतोड कामगारांत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली की दिवाळीच्या आगेमागे ती जोडी बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून पश्चिम महाराष्ट्रातल्या, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर जाते. फडाशेजारी पाचटाची खोपी उभी करते आणि हंगाम संपेपर्यंत तिथंच राहते. आपल्या चहातली साखर कित्येक वर्षं या पाठीवरच्या बिऱ्हाडांनी आणली आहे. मी त्यांच्याशी आमची बरोबरी करत नाही. ती जोडी पोटासाठी आणि कर्जासाठी जाते. आम्ही स्वतः ठरवून जातो, विमानानं जातो आणि परतीचं तिकीट खिशात असतं. हा फरक मी कधीच पुसणार नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की ‘जोडप्यानं मिळून कामासाठी बाहेर पडणं मराठी संसारात बसत नाही’ हे वाक्य ज्यांना सुचतं, त्यांनी ही माणसं पाहिलेली नाहीत.

आणि कोकणातला चाकरमानी? मुंबईच्या गिरणीत राबायचा, दहा-पंधराजणांच्या खोलीत वळकटी पसरायचा, खानावळीत जेवायचा. बायको-पोरं गावाकडे. दर महिन्याची मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला गाव. वर्षाचे अकरा महिने गावाबाहेर असलेल्या त्या माणसाला गावानं कधी परका मानला नाही. घरचा गणपती त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचा. कारण गावाशी त्याचा राबता तुटला नव्हता. मूळ म्हणजे काय, याचं उत्तर त्या एका शब्दात आहे. मूळ म्हणजे मुक्काम नाही. मूळ म्हणजे राबता : जाणं-येणं, देणं-घेणं, कुणाच्या आजारपणात, कुणाच्या बारशात आपली गैरहजेरी कुणाला तरी जाणवणं. काका मुक्काम मोजतात. मी म्हणते, राबता मोजा.

मुक्काम मोजणं किती फसवं असतं, ते आम्ही राहतो त्या वस्तीतच शिकायला मिळतं. इंग्रजांनी 1809 साली श्रीरंगपट्टणहून आपलं सैन्य हलवून बेंगळुरूत छावणी वसवली. छावणीतल्या साहेबांना भाजी हवी, मांस हवं, शिंपी हवा, खानसामा हवा, गाड्या ओढणारे बैल हवेत. ते सारं पुरवायला तमिळ मुलखातून मजूर आले, दख्खनी बोलणारे मुसलमान कारागीर आणि व्यापारी आले, कच्छहून मेमन आले. ती माणसं जिथं दाटीनं राहिली ती वस्ती म्हणजे ब्लॅकपल्ली, आजचं शिवाजीनगर. 1862 साली शहराच्या आणि छावणीच्या नगरपालिकाही वेगवेगळ्या झाल्या. त्या एक व्हायला 1949 साल उजाडलं.

साहेब लोक या शहरात 1809 पासून 1947 पर्यंत होते. एकशे अडतीस वर्षं. एवढा मुक्काम कमी म्हणायचा का? पण साहेब छावणीत राहिले. आपला क्लब, आपलं चर्च, आपला बंगला, भोवती फाटक. ते गेले आणि मागे बरीच रस्त्यांची नावं उरली, त्यातलीही काही आता बदलली. कॅव्हलरी रोडचा कामराज रोड झाला. आणि ब्लॅकपल्लीतले? तेही कामासाठी आलेले, तेही परक्या मुलखातले. ते बाजारपेठेत राहिले. 1927 साली बांधलेल्या रसेल मार्केटला नाव एका इंग्रज अधिकाऱ्याचं, पण ते बाजार म्हणून जगवलं या लोकांनी. 2012 च्या फेब्रुवारीत तिथं आग लागली, कितीतरी गाळे जळाले, आणि व्यापारी पुन्हा त्याच जागी फळं मांडून बसले. समोरच्या सेंट मेरी बॅसिलिकेतल्या मूर्तीला साडी नेसवतात. 8 सप्टेंबरच्या उत्सवात भगव्या कपड्यांतले भाविक रांगा लावतात, त्यांत ख्रिस्ती किती आणि हिंदू किती हे बघून सांगता येत नाही. एकाच शहरात, एकाच काळात, दोन तऱ्हेची परकी माणसं राहिली. छावणीतली आयुष्यभर मुक्कामाला होती. बाजारपेठेतली दोन पिढ्यांत इथली झाली.

आमच्या समोरच्या दारातल्या खाला दख्खनी बोलतात. ‘नक्को’ म्हणतात, ‘वहींच रखो’ म्हणतात. तो नकार आणि तो ‘च’ मराठीतला आहे. कुठल्या शतकात, कुठल्या लष्कराबरोबर, कुठल्या बाजारात तो त्यांच्या भाषेत शिरला कुणास ठाऊक, पण तो फिरत्या माणसांनीच आणला. घरात बसलेल्या माणसांच्या तोंडून शब्द इतक्या लांब जात नाहीत. मी पहिल्यांदा या घरात सामान टाकलं आणि खालांनी विचारलं, ‘चाय होना क्या, नक्को?’ तेव्हा साताऱ्यापासून एवढ्या दूर माझ्या भाषेतला शब्द माझ्या आधी येऊन राहिला होता.

आणि हे गाव मराठी माणसाला नवं आहे असं कुणी समजू नये. 1638 साली विजापूरच्या फौजेनं बेंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुण्याची जहागीरही त्यांचीच होती. जिजाबाई आणि शिवाजीराजे पुण्याकडे, तुकाबाई आणि एकोजीराजे इकडे. एक घर दोन मुलखांत, मध्ये कित्येक दिवसांचा घोड्यावरचा प्रवास. शहाजीराजांच्या इथल्या दरबारात जयराम पिंड्ये या कवीनं ‘राधामाधवविलासचंपू’ रचला, त्यात संस्कृतबरोबर अनेक देशभाषांतली रचना आहे. पुढं एकोजीराजांनी 1669 साली मल्लेश्वरच्या काडू मल्लेश्वराला दान दिल्याचा शिलालेख आजही आहे. शहाजीराजांचा देह पडला तो 1664 साली कर्नाटकातल्याच होदिगेरेला. ते आयुष्यभर घोड्यावर होते. जिथं गेले तिथली भाषा दरबारात आणली, तिथल्या देवाला त्यांच्या मुलानं दान दिलं. त्यांना बिनमुळांचं म्हणण्याची कुणाची छाती आहे?

आता उलट बाजू पाहा. बेंगळुरूत बारा-बारा वर्षं काढलेली आपली माणसं मला भेटतात. घर घेतलेलं, गाडी घेतलेली, मुलं इथल्या शाळेत. रिक्षावाल्यानं काही विचारलं की त्यांचं एकच उत्तर : ‘कन्नड गोत्तिल्ल.’ कन्नड येत नाही, हे सांगण्यापुरतंच कन्नड त्यांनी शिकलेलं. भाजीवाल्याचं नाव माहीत नाही, खालच्या मजल्यावर कोण राहतं माहीत नाही. ही माणसं कुठेही गेलेली नाहीत. मुक्काम पक्का आहे. पण ती छावणीत राहतात. काकांच्या मोजपट्टीनं ती मुळं धरलेली ठरतात आणि चिआंग माईत सकाळी भाजी घेताना थाई आकडे घोकणारी मी उपटलेली. ही मोजपट्टीच चुकीची आहे.

तिसरा आरोप मला सर्वांत जिव्हारी लागला, कारण तो फक्त माझ्यावर आहे. पत्रात नवऱ्याला ‘कामानिमित्त फिरतीवर’ म्हटलं आहे, आणि मला ‘घर सोडून’. काम दोघांचं सारखं, बॅगा दोघांच्या सारख्या, शब्द मात्र वेगवेगळे.

आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कोलकात्याहून डॉक्टरी शिकायला जहाजात बसल्या, नवऱ्याशिवाय. त्याआधी त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाईंचं बिऱ्हाड अलिबाग, कोल्हापूर, भूज, बंगाल असं फिरतच होतं. नवऱ्याच्या बदलीमागे फिरणाऱ्या बाईबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ती स्वतःच्या कामासाठी निघाली तेव्हा गावानं दगड उचलले. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून त्यांना आपल्या जाण्याची कारणं जाहीरपणे सांगावी लागली. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या, 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. मी आनंदीबाई नाही; माझ्या कामानं कुणाचा जीव वाचत नाही. पण तेव्हाचा प्रश्न आणि काकांचा प्रश्न एकच आहे : बाई निघाली ती कुणाच्या कामाला? नवऱ्याच्या कामाला निघाली तर सहधर्मचारिणी, स्वतःच्या निघाली तर संसार सोडणारी.

मी दोन्ही करून पाहिलं आहे. लग्नानंतर लगेच नवऱ्याला अमेरिकेत पाठवलं होतं. मी त्याच्या पाठोपाठ गेले ती एच-4 व्हिसावर, म्हणजे अवलंबित म्हणून. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. 2015 साली काही जणींना, नवऱ्याच्या ग्रीनकार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्यापर्यंत पोचली असेल तर, ती मुभा मिळाली. माझी तीन वर्षं त्याआधीची. न्यू जर्सीतल्या त्या घरात भांडी चकाचक होती, पोळ्या गोल होत होत्या, सणवार साजरे होत होते, आणि मी सकाळी दहाला खिडकीशी उभी राहून गाड्या मोजत होते. काकांनी तेव्हाही पत्र लिहिलं होतं. ‘दोघं मिळून परदेशी संसार करता आहात, कौतुक वाटतं.’ माझ्या हातात काम नव्हतं तेव्हा तो संसार होता. आज माझ्या पाठीवरच्या बॅगेत माझं काम आहे, तर ते बिऱ्हाड झालं.

संसाराबद्दल आणखी एक सांगते, कारण ते मला लिस्बनमध्ये कळलं. बेंगळुरूत आमच्याकडे स्वयंपाकाला एक बाई येत, झाडू-फरशीला दुसऱ्या. आम्ही दोघं समान आहोत असं मला वाटायचं. लिस्बनमध्ये त्या दोघी नव्हत्या. पहिल्या आठवड्यात पहाटे चारच्या बैठकीआधी चहा कुणी टाकायचा, दुपारी कुकर कुणी लावायचा, बाथरूम कुणी घासायचं, हे सगळं न बोलता माझ्याकडे आलं. इतकी वर्षं आमच्या घरातली विषमता दोन कष्टकरी बायकांच्या पगाराखाली झाकलेली होती. तिथं ती उघडी पडली. आम्ही भांडलो, खरंच भांडलो, आणि मग कामं वाटून फ्रिजवर कागद लावला. आज शिवाजीनगरातही तो कागद आहे. नवरा वरण-भात, भाजी, पोळ्या सगळं करतो, आणि त्याच्या पोळ्या माझ्यापेक्षा मऊ होतात. परदेशी जाऊन संसार सुटला नाही. तो पहिल्यांदा दोघांच्या हातात आला.

आणि आईवडील. या मुद्द्यावर काकांचा आवाज चढतो, आणि तो चढायलाही हवा. हा प्रश्न खरा आहे. मागच्या हिवाळ्यात माझे सासरे अंगणात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. फोन आला तेव्हा आम्ही चिआंग माईत होतो. बँकॉकमार्गे मुंबई, तिथून गाडीनं सातारा. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही दवाखान्यात होतो. शस्त्रक्रिया झाली, आणि मग आम्ही सात आठवडे साताऱ्यात राहिलो. मधल्या खोलीत टेबल मांडलं, तिथूनच नोकरी केली. नवरा सकाळी वडिलांना वॉकर धरून चार पावलं चालवायचा, मग बैठकीला बसायचा. दुपारची औषधं माझ्याकडे. माझे दीर पुण्यात असतात, दोन तासांच्या वाटेवर. ते मनानं आमच्यापेक्षा तसूभरही कमी नाहीत, पण त्यांच्या कार्यालयात रोज हजेरी लागते. त्यांना चौथ्या दिवशी परतावं लागलं. रविवारी यायचे, संध्याकाळी डोळे पुसत निघायचे.

काकांनी हे सात आठवडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. रोज संध्याकाळी भावाला भेटायला यायचे. तरीही पत्रात ‘म्हातारपण वाऱ्यावर’ लिहिलं. म्हणून इथं स्पष्ट विचारते : ज्या कामामुळे आम्ही चिआंग माईला जाऊ शकलो, त्याच कामामुळे साताऱ्याला येऊन राहू शकलो, हे तुम्हाला का दिसत नाही? आईवडिलांपासून मुलांना तोडते ती रोजची हजेरी, रजेचा तुटवडा, शहरातली दीड-दोन तासांची वाहतूक. ज्यांना म्हाताऱ्यांची काळजी आहे त्यांनी घरून काम करण्याच्या हक्कासाठी भांडायला हवं. त्याऐवजी तो हक्क वापरणाऱ्यांना बोल लावला जातो.

मूल नाही म्हणून पत्रात जे एक वाक्य आहे, त्याचं उत्तर मी देणार नाही. तो आम्हा दोघांचा विषय आहे.

आता काकांचं जे बरोबर आहे ते मान्य करायला हवं, नाहीतर हा प्रतिवाद प्रामाणिक राहणार नाही. पाठीवर बिऱ्हाड घेणाऱ्यांतले कितीतरी जण छावणीतच राहतात. चिआंग माईत फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत रानं आणि शेतं जाळल्याचा धूर कोंडतो, डोंगर दिसेनासे होतात, घसा धरतो. धूर आला की परदेशी माणसं समुद्रकिनाऱ्याकडे निघून जातात. कॅफे ओस पडतात. तो धूर खाऊन राहतात ते तिथले लोक, ज्यांच्या खोल्या, खानावळी आणि दुचाक्या इतरांनी चार महिने वापरल्या. पहिल्या वर्षी आम्हीही निघून गेलो. मला त्याची टोचणी लागली, आणि लागायलाच हवी होती. लिस्बनमध्ये 2023 साली घरभाड्यांविरुद्ध मोठे मोर्चे निघाले. आमच्यासारख्या बाहेरून पगार आणणाऱ्यांमुळे घरमालक भाडी वाढवतात, हे तिथल्या लोकांचं म्हणणं मी खोटं ठरवू शकत नाही. बेंगळुरूतली जुनी कुटुंबं आम्हा बाहेरून आलेल्यांबद्दल हेच म्हणतात, आणि त्यांचंही खरं आहे. याचा अर्थ, जिथं राहतो तिथलं देणं लागतो. ते फेडायचं की बुडवायचं हे माणसावर आहे. कुणी साताऱ्यात बसूनही ते बुडवू शकतं.

दुसऱ्या वर्षी, साताऱ्याहून परतल्यावर, धुराच्या दिवसांत आम्ही चिआंग माईतच राहिलो. हवा गाळणारी दोन यंत्रं घेतली. एक आमच्या खोलीत, एक घरमालकिणीच्या आईच्या खोलीत, कारण म्हातारीचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा. हे काही उपकार नव्हेत. शेजार म्हणून जे साताऱ्यात केलं असतं, शिवाजीनगरात केलं असतं, तेच तिथं केलं. त्याआधी, सासऱ्यांच्या फोननंतर आम्ही धावतपळत निघालो, तेव्हा त्या घरमालकिणीच्या हातात किल्ली देऊन गेलो होतो. सात आठवड्यांनी परतलो तर खोली झाडलेली, खिडकीतल्या तुळशीला पाणी घातलेलं. तिनं सासऱ्यांचा पाय कसा आहे हे हातानं स्वतःच्या खुब्याकडे दाखवून विचारलं.

काका, तुम्ही म्हण लिहिलीत खरी, पण विंचवाच्या पाठीवर काय असतं ते एकदा पाहा. विंचवाची मादी जन्मलेली पिल्लं पाठीवर घेते आणि ती पहिली कात टाकेपर्यंत तशीच वागवते. पाठीवरचं बिऱ्हाड म्हणजे तिची पिल्लंच. ती निघते तेव्हा मागे काही टाकून निघत नाही. जे आपलं आहे ते सोडवत नाही, म्हणून तर ती पाठ वाकवते. ही म्हण आम्हाला लावलीत, तर मी ती आनंदानं घेते.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी आमच्यासारख्या कुणाला जोखायचं असेल, तर किती दिवस बाहेर होतात हे विचारू नका. निघताना किल्ली कुणाकडे ठेवलीत, हे विचारा. शिवाजीनगरातली आमची किल्ली समोरच्या खालांकडे असते. मागच्या वेळी परतलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्यांनी दार उघडलं, किल्ली दिली, आणि पाठोपाठ झाकलेला डबा. ‘अब नक्को जाओ जी,’ त्या म्हणाल्या. आम्ही पुन्हा जाणार आहोत, हे त्यांना माहीत आहे. तेव्हाही किल्ली त्यांच्याचकडे असेल.